आप्पा, तुमचं 'झालं की'

आप्पा, काल तुमचा तेरावा झाला. होटगीच्या घरापुढं दोन सतरंज्या टाकल्या होत्या, पन्नासेक माणसं जेवून गेली. शिरा बरा झाला होता म्हणे. मी खाल्ला नाही. जाताना जो तो मला एकच सांगून गेला, "सुमन, एकटी लेक असून लई केलंस बाई आप्पांचं." मी नुसती मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, जा बाबांनो, लवकर जा एकदाचे. काय केलं मी? रविवारी येत होते आणि रोज संध्याकाळी सात वाजता फोन करत होते. तीन वर्षं केला, एक दिवस चुकवला नाही. त्या फोनबद्दलच मला तुमच्याशी बोलायचंय. दुसऱ्या कुणाला सांगायला गेलं की तो समजूत घालायला लागतो. मला समजूत नकोय.

दुकानाचं शटर अर्धं ओढलंय. सात रस्त्याचा गोंगाट आत येतोय, पण बायका येत नाहीत, बाहेरून वाकून बघतात आणि जातात. मापाची वही उघडी आहे, तिच्याच मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहितेय. समोर मशीन आहे. तुम्हीच आणलेलं. माझ्या नवऱ्याचं मागावरचं काम सुटलं, घरात दोन पोरं, आणि मी कुणाला काही बोलले नव्हते. तरी तुम्ही कुठनं तरी हे जुनं मशीन पैदा केलंत, सायकलच्या कॅरियरवर आडवं बांधलंत आणि होटगीहून सोलापूरपर्यंत सायकल हातात धरून चालत आलात. बसलो असतो तर तोल गेला असता म्हणालात. घामानं निथळत दारात उभे राहून काय बोललात आठवतंय? "सुमे, रोज तेल घालायचं. काल घातलं म्हणून आज सोडायचं न्हाय." ना कशी आहेस, ना पाणी दे.

तुमची नोकरीच तसली. रेल्वेत चावीवाला. दर वेळी लोकांना सांगावं लागायचं, कुलपाच्या चाव्या नव्हेत हो, रुळाच्या. पहाटे हातोडा आणि पाना घेऊन निघायचं, ठरलेले पाच-सहा किलोमीटर रुळावरनं चालायचं, कुठं चावी ढिली झालीय का, बोल्ट सुटलाय का बघायचं, ठोकायचं आणि पुढं जायचं. उद्या परत तेच. तुमच्या भाषेत ती तुमची 'बीट'. पस्तीस वर्षं केलीत. मी शिवलेल्या ब्लाउजची शिलाईसुद्धा तुम्ही अंगठ्यानं दाबून बघायचात आणि म्हणायचात, "ही ढिल्ली हाय." मला असा राग यायचा! आणि मेली ती खरंच ढिली निघायची.

मी दहावीला गणितात उडाले तेव्हा आईनं घर डोक्यावर घेतलं होतं. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवलंत आणि बीटवर घेऊन गेलात. सगळा वेळ तुम्ही पुढं, मी मागं, आणि हातोड्याचा ठण ठण आवाज. परत येताना स्टेशनबाहेर भजी घेतलीत. मी खाल्ली. म्हणालात, "अजून एक प्लेट खाती का?" बास. ऑक्टोबरला मी परत बसले आणि सुटले. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणायची पद्धतच नव्हती. आता म्हणतेय तर ऐकायला कोण आहे?

आई गेली त्याला तीन वर्षं झाली. दिवस आटोपले आणि मी तुम्हाला इकडं आणलं. चार दिवस राहिलात. खिडकीत बसून रस्ता बघायचात. सात बाजूंनी गाड्या येणार, कुणी कुणाला जागा देणार नाही. "सुमे, ह्या जंक्शनला कोण बसवलाय गं? त्याला सस्पेंड करा की," म्हणालात आणि मी हसून हसून खाली बसले. आई गेल्यावर पहिल्यांदा हसले होते. पाचव्या दिवशी सकाळी बघते तर पिशवी भरून तुम्ही दारात.

"मी जातो होटगीला."

"अहो, तिथं आहे कोण आता?"

"घर हाय की."

"घर भाकरी करून वाढणार आहे का?"

"मला येत्यात भाकरी."

"येतात! पीठ किती घ्यायचं ते तरी सांगा."

तुम्ही चप्पल घालत होता. मला तुमच्या त्या खाली घातलेल्या मानेचा इतका संताप आला की मी बोलून गेले, "जा. पण मी परत या म्हणणार नाही. तुम्हाला यावंसं वाटलं तर तुम्ही सांगायचं. मी तोंड उघडणार नाही." तुम्ही म्हणालात, "बरं की." आणि गेलात.

राग काय, तासाभरात उतरला. पण शब्द तसाच राहिला. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक, तुमच्याकडनंच आलाय. तुम्ही कधी 'येतो' म्हणाला नाहीत आणि मी कधी 'या' म्हटलं नाही. तीन वर्षं आप्पा, प्रत्येक रविवारी तुमच्यासमोर बसून मी ते वाक्य गिळलं. वाटायचं, आज म्हणतील. आता तरी म्हणतील. माणसानं किती मूर्ख असावं?

मग जे ठरलं ते असं. महादेवीमावशी सकाळी आठला यायची, दहाला जायची. अक्कलकोटकडची बाई, अर्धं कानडी अर्धं मराठी, पण हात स्वच्छ आणि कामाला चोख. भाकरी-कालवण करायची, धुणं-भांडी करायची, संध्याकाळचं झाकून ठेवायची. मी रविवारी येऊन तुमची सात खणांची गोळ्यांची डबी भरायची. आणि सातचा फोन. तेव्हा ते बरोबरच होतं. तेव्हा तुम्ही बाजाराला चालत जात होता, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचत होता, मावशीला "आमटीला मीठ कुटं गेलं?" विचारत होता. त्या आप्पांना दोन तास पुरत होते. ते आप्पा बदलले आणि आमचं ठरलेलं मात्र जसंच्या तसं चालू राहिलं. मध्ये एकदाही मी थांबून म्हटलं नाही की जरा परत बघू या.

आणि मी कोण? मी शिंपीण! माझ्याकडं बायका येतात, म्हणतात, "ताई, मागच्याच मापाचा शिव की, मी काय बदलले नाही." मी ऐकत नाही. हात वर कर म्हणते, टेप लावते. सहा महिन्यांत बाई बदलते, तिला स्वतःला कळत नाही. हे मी दिवसातनं दहा वेळा बोलते, माझं गिऱ्हाईक चेष्टा करतं माझी. आणि तुमची पॅन्ट? गेल्या उन्हाळ्यात कंबरेत दीड इंच घेतली. ह्या हातांनी. उन्हाळा आहे, वाळणारच म्हटलं. दिवाळीला परत एक इंच घेतली. वय झालं, चालायचंच म्हटलं. दोन्ही वेळा शिलाई एकदम सुबक घातली, तुम्ही अंगठ्यानं दाबून बघाल म्हणून. तुम्ही बघितलीच नाही. ते तरी माझ्या लक्षात यायला नको होतं का?

आता तुमचं 'झालं की'. बाहेरच्या माणसाला ह्यातलं काही कळायचं नाही. आपल्याकडं प्रत्येक वाक्याला 'की' लागतो. नुसतं 'झालं' म्हटलं तर ती बातमी झाली. 'झालं की' म्हटलं तर अगं झालंच आहे, विचारतेस काय, तुझं तुझं काम बघ, हे सगळं त्यात येतं. पुढं विचारायला जागाच राहत नाही.

पहिल्या वर्षी मी विचारायची, जेवलात का? तुम्ही म्हणायचात, "झालं की. मावशीनं शेपू केली व्हती, लसूण घालायची इसरली. उद्या सांगतो तिला." मग लसूण गेली. मग शेपू गेली. मग मावशी गेली. राहिलं एवढंच, झालं की. जेवण? झालं की. औषध? झालं की. आंघोळ? झालं की. सात वाजता दुकानात गर्दी असते, एक बाई मापाला उभी, एक हुकासाठी खोळंबलेली. तुमचा फोन पटकन उरकायचा, मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, बरंच वाटायचं.

एकदा मी विचारलं, "आप्पा, पाऊस आहे का तिकडं?" तुम्ही म्हणालात, "झालं की." मी खो खो हसले. नवऱ्याला सांगितलं, पोरांना सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं. आमच्या आप्पांच्याकडं पाऊससुद्धा 'झालं की'! आठ दिवस घरात तो विनोद चालला होता. चहा हवाय का विचारलं की पोरं ओरडायची, झालं की. मग एकदा विचारलं, पाय दुखतोय का? "झालं की." कुणी आलं होतं का? "झालं की." मी म्हटलं, ऐकायला कमी यायला लागलं वाटतं. कानाचं मशीन घ्यायचं मनात होतं माझ्या. कान धड होते तुमचे. शब्द चालले होते एकेक करून, आणि सगळ्या प्रश्नांना लागू पडेल असा हा एकच तुम्ही मुठीत धरून ठेवला होता.

हे मला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. माझ्या थोरलीच्या वयाची पोरगी. तिनं विचारलं, "असं कधीपासून आहे?" मी म्हटलं, पडल्यापासून. ती म्हणाली, "नाही, पडायच्या आधी." मी म्हटलं, आधी तर चांगले होते हो, रोज फोनवर बोलायचे. "काय बोलायचे?" असं तिनं सहज विचारलं, आणि आप्पा, मला सांगता येईना.

होटगीतही कुणाला काही कळलं नाही. कळणार कसं? तुम्ही रोज पहाटे लाइनीच्या कडेनं चालत होता. नोकरी सुटून वीस वर्षं झाली तरी चालत होता. सगळं गाव म्हणायचं, सवय हाय की आप्पांची. मी तर कौतुकानं सांगायची, आमचे आप्पा एकोणऐंशीचे आहेत, रोज पाच किलोमीटर चालतात. काल जेवणं झाल्यावर स्टेशनबाहेरचा चहावाला माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "ताई, एक सांगू का? दोन म्हैन्यांमागं आप्पा माझ्याजवळ आले, म्हणले, सायेब आले तर सांग, माझी बीट झालीय, मी हितंच हाय. हातात बत्ता व्हता. मला वाटलं चेष्टा करत्यात. मी पण म्हणलं, सांगतो की."

बत्ता. खलबत्त्यातला. मावशी मला म्हणाली होती, "ताई, बत्ता कुटं जातोय काय कळंना, रोज हुडकून आणती." मी म्हटलं होतं, नवीन आणते. आणला पण. तुम्ही हातोडा म्हणून तो घेऊन रुळावर जात होता, वीस वर्षांपूर्वीच्या साहेबाला भेटायला, आणि लेक दुसरा बत्ता घेऊन आली. चहावाल्याला काय बोलणार? तो बिचारा रडत होता.

मावशीनं तर तोंडानं सांगितलं होतं. होळीच्या पुढचा रविवार. तुम्ही ओट्यावर होता. ती मला मोरीकडं घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, मी संध्याकाळचं पण येऊ का? आप्पा दोन घास खात्यात आन् साकु साकु म्हणत्यात. झाकलेलं सकाळी तसंच असतंय. न्हायतर कुत्र्याला घालत्यात." साकु म्हणजे बास, हे तिचं कानडी तुमच्याही तोंडात बसलं होतं.

मी काय म्हटलं माहीत आहे? "त्यांनी तुला सांगितलं का ये म्हणून?"

"न्हाय."

"मग? ते म्हणाले तर बघू."

मला वाटलं, तिला काम वाढवून हवंय. असा हलकट विचार माझ्या मनात आला. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "बरं ताई." परत तो विषय काढला नाही. काल ती पंगतीत वाढत होती, माझ्यासमोर आली तेव्हा खाली बघून पुढं गेली. तिच्या पाया पडायला पाहिजे होतं मी. पडले नाही.

त्या रविवारनंतर मी तुम्हाला फोनवर विचारलं, "मावशी संध्याकाळची येऊ का म्हणते. गरज आहे का?" तुम्ही म्हणालात, "कशाला गं? मला काय धाड भरलीय?" अख्खं वाक्य! खणखणीत! मी इतकी खूश झाले की फोन ठेवून गुणगुणायला लागले. झालं की नव्हे, चांगलं माझ्या आप्पांचं जुनं वाक्य. ते वाक्य जुळवायला तुम्हाला काय पडलं असेल ते मला आता समजतंय. आप्पा, तुम्हीही काही कमी नाहीत हं. एवढं बळ गोळा केलंत ते मला गप्प करायला! तेच बळ लावून 'सुमे, मला न्यायला ये' म्हणता आलं नसतं? चार शब्द. भांडायला पाहिजे मला तुमच्याशी. माझ्या वाट्याचं सगळं मी कबूल केलंय, पण तुमच्या वाट्याचं काय?

गोळ्यांची डबी दर रविवारी रिकामी असायची. मी म्हणायची, बघा, माझे आप्पा किती शिस्तीचे. परवा घर झाडताना दाराआडचा तुमचा रेल्वेचा कोट काढला, तर खिसा जड लागला. सगळ्या गोळ्या तिथं होत्या. पांढऱ्या, गुलाबी, अर्ध्या विरघळलेल्या, अस्तराला चिकटलेल्या. तुम्ही रोज त्या त्या दिवसाचा खण उघडत होता, गोळ्या काढत होता आणि पुढं काय करायचं ते विसरत होता. तरी टाकल्या नाहीत. रेल्वेचा माणूस, वस्तू जपून ठेवणारच.

आणि तो मंगळवार. वैशाख, सोलापूरचं ऊन, रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटत होतं. शेजारणीनं तुम्हाला चारला ओट्यावर बघितलं. साडेचारला नळाला पाणी येतं, तेव्हा तोंडावर पाणी मारायला तुम्ही मोरीत गेला असणार. शेवाळ होतं तिथं. खुबा मोडला. बंडीला मी खिसा शिवून दिला होता, फोन सारखा जवळ राहावा म्हणून. फोन खिशातच होता.

सातला मी फोन लावला. अस्तर कापत होते, फोन स्पीकरवर टाकून कडेला ठेवला होता. तुम्ही उचललात.

"आप्पा, जेवलात?"

थोडं थांबून, "झालं की."

"औषध?"

"झालं की."

"पंखा लावून झोपा, लई उकडतंय." मागं पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. मी चिडून म्हटलं, "तो नळ आधी बंद करा बघू. एक तर पाणी येत नाही, आलं की वाया घालवता."

"झालं की."

मी फोन ठेवला. अस्तर छान बसलं होतं. तो ब्लाउज दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

तुम्ही ओल्या फरशीवर होता आप्पा. मोडलेल्या हाडानं, अडीच तास. आणि लेक तुमच्यावर नळासाठी ओरडली. तिथनं पुढं सकाळी आठपर्यंत तिथंच होता. ओरडलात का? शेजारची भिंत एक आहे, त्यांना काही ऐकू आलं नाही म्हणतात. ओरडायचं सुचलं नाही, का ओरडलात आणि टीव्हीच्या आवाजात गेलं, का मला सगळं झालं म्हणून सांगितलंय तर आता कशाला ओरडा, असं वाटलं? ह्याचं उत्तर मला मिळायचं नाही. रोज सातला मी तेच विचारत बसते. घड्याळच काढून टाकलंय दुकानातलं, तरी सात वाजलेले कळतात.

मावशीचा फोन आला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. "ताई, आप्पा मोरीत पडल्यात. जिते हायत. या." तुम्हाला सोलापूरला आणलं. ऑपरेशन झालं. हाड बसलं, पण छाती भरली. अकरा दिवस.

तिसऱ्या दिवशी मी माझा शब्द मोडला. कानाशी जाऊन म्हटलं, "आप्पा, बरे झालात की माझ्याकडंच यायचं. सांगा, येणार का नाही?" तीन वर्षं अडवून ठेवलेलं वाक्य. तुम्ही छताकडं बघत म्हणालात, "झालं की." मी हो समजले. नंतर विचार केला, नाही असंही असेल. किंवा पंख्याबद्दल असेल. आता त्याचा काय उपयोग, पण मी ते रोज उलटंपालटं करून बघते.

लोक मला विचारतात, आप्पा जाताना काही बोलले का? मी नाही म्हणून सांगते. नवऱ्यालाही नाही म्हणूनच सांगितलंय. पण तुम्ही बोलला होता. नवव्या दिवशी, दुपारी. मी ओल्या फडक्यानं तुमचं तोंड पुसत होते. तुम्ही डोळे उघडलेत आणि माझं मनगट धरलंत. आवाज स्वच्छ होता, कित्येक महिन्यांत नव्हता इतका.

"बाई, तुमी कुठल्या?"

जन्मात तुम्ही मला 'तुमी' म्हणाला नव्हता. मी म्हटलं, "हितलीच."

"चांगलं करताय माझं. कुणी येवढं करत न्हाय."

तुम्ही आजूबाजूला बघितलंत, कुणी ऐकत नाही ना अशा नजरेनं, आणि मला जवळ बोलावलंत.

"माझी लेक हाय सोलापुरात. रविवारी येती. ती आली तर तिला माझं हे असं सांगू नका."

"कसं?"

"हेच. काय आठवंना झालंय मला. लई दिस झालं. तिच्यापास्नं लपवलंय."

"का लपवलं?"

"दमती ती." तुम्ही बराच वेळ श्वास गोळा करत होता. "सांगत न्हाय, पण रोज फोन करती न्हवं, आवाजावरनं कळतंय मला. दमलेली असती. तिच्यावर आणि माझं कशाला?"

आप्पा, माझ्या आवाजावरनं तुम्हाला कळत होतं. तशा डोक्यानंही कळत होतं.

"शब्द द्या बाई," तुम्ही म्हणालात, "न्हाय सांगणार म्हणून."

"न्हाय सांगत."

तुम्ही माझं मनगट सोडलंत. सलाइन लावलेला तो हात कसाबसा उचललात, दुसऱ्या हाताला नेऊन टेकवलात आणि मला नमस्कार केलात.